नावांची हद्द

माझी मुलगी पूर्णिमा गिरधरभाऊंच्या केळी पिकवायच्या चेंबरांचं कॉम्प्युटरचं काम बघते. खकनारच्या रस्त्याला त्यांची आठ खोल्यांची इमारत आहे. हिरवी केळी कॅरेटांत भरून खोलीत लावतात, खोली गार ठेवतात, ठरलेले तास गॅस सोडतात, मग हवा खेळवतात. चार-पाच दिवसांत सगळा माल एकसारखा पिवळा होऊन निघतो. पूर्वी एक माणूस वही बघून बटणं दाबायचा. आता ते काम भिंतीवरचा एक छोटा कॉम्प्युटर करतो, आणि त्याला काय करायचं हे सांगणाऱ्या आज्ञा पूर्णिमाने लिहिल्या आहेत.

मी पेपर मिलच्या टाइम ऑफिसात चोवीस वर्षं काढली. पूर्णिमा पाच वर्षांची असताना तिचे बाबा गेले आणि मिलने मला त्यांच्या जागी घेतलं. हजेरी, पाळ्या, रजा, हेच माझं काम. आम्ही मूळचे भुसावळकडचे, पण माझी सगळी उमर मिल कॉलनीत गेली. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा बुऱ्हाणपुरात सिंधीपुऱ्यात घर घेतलं. पूर्णिमा तेव्हा पुण्याला एका मोठ्या कंपनीत होती. माझ्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं म्हणून ती दोन महिन्यांसाठी आली आणि परत गेलीच नाही.

मी तिला राहा म्हटलं नव्हतं. पण जा असंही म्हटलं नव्हतं, आणि ते मला टोचायचं. शेजारची वैशाली एकदा तोंडावरच म्हणाली, "काकू, इतकी शिकलेली पोरगी आणि केळ्यांच्या गोदामात?" मी हसून वेळ मारून नेली. पूर्णिमाला विचारलं तर म्हणायची, "मला आवडतं ना हे काम. तू क्यों टेन्शन लेती है, आई?" आमच्याकडची पोरं अशीच बोलतात, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत.

गेल्याच्या गेल्या वर्षी एप्रिलमध्ये पाच नंबरच्या खोलीतला माल बिघडला. सकाळी सातला गिरधरभाऊंचा फोन आला. पूर्णिमा चहा तसाच ठेवून स्कूटरवर गेली ती दुपारी आली. केळी पिवळी झाली होती, पण आतून मऊ, फणी उचलली की दांड्यापासून सुटत होती. असा माल लांब जात नाही. तो सगळा गावातच वाटून टाकावा लागला.

"चूक माझी आहे," ती मला म्हणाली. "मी गिरधरभाऊंनाही तेच सांगितलं."

मग तिने मला समजेल असं सांगितलं. कॉम्प्युटरवर एक काळी स्क्रीन असते, तिथे आज्ञा लिहायची आणि त्याने ती पाळायची. या आज्ञा ऐकून घेणाऱ्या प्रोग्रामला शेल म्हणतात. रोज तेच तेच हाताने लिहायला नको म्हणून आज्ञा एका फाइलीत एकाखाली एक लिहून ठेवतात. आकडे लक्षात ठेवण्यासाठी त्यांना नावं देतात. खोलीच्या फाइलीत तिने 'लिमिट' हे नाव ठेवलं होतं आणि त्यात अठरा लिहिले होते. अठरा डिग्रीच्या वर गेलं की गार करायचं मशीन सुरू करायचं. त्या आठवड्यात तिने गॅसची नवी फाइल लिहिली. गॅस किती तास सोडायचा, तर चोवीस. त्या आकड्यालाही तिने 'लिमिट' हेच नाव दिलं. दोन फाइली, दोन वेगळी कामं, पण शेलच्या पोटात नावांची पेटी एकच. दुसरी फाइल उघडली तेव्हा अठराच्या जागी चोवीस बसले. मशीन रात्रभर चोवीस डिग्रीची वाट बघत राहिलं.

"मग आता?"

"आता दुसऱ्या नावाच्या पुढे 'गॅस' लावलं. सहा मिनिटांचं काम."

"मग झालं की."

ती ताटावर बसली, पण जेवली नाही नीट. गिरधरभाऊ तिला रागावले नव्हते. ते तापीकाठचे शेतकरी, स्वतःच्या केळीवर चेंबर उभं केलेला माणूस. त्यांनी एवढंच विचारलं होतं, "बेटा, माणूस बटण दाबायचा तेव्हा पण असं व्हायचं. मला फक्त हे सांग, परत होईल का?"

"आणि मी नाही म्हणू शकले नाही," पूर्णिमा म्हणाली. "आज मी नाव लांब केलं. उद्या घाईत अजून कुठेतरी आखूड ठेवीन. किंवा माझ्यानंतर जो येईल तो ठेवेल. नाव लांब करणं हा इलाज नाही, आई. हे शेलनेच सांभाळायला पाहिजे."

ती वापरते ते शेल काही एका कंपनीचं नाही. वेगवेगळ्या देशांतली पंचवीस-तीस माणसं मिळून ते बनवतात, कुणालाही वापरायला देतात, आणि कुणीही त्यांना लिहून काही सुचवू शकतं. पूर्णिमाने मे महिन्यात त्यांना लिहिलं. तिचं म्हणणं होतं की प्रत्येक फाइलीला नावांची स्वतःची हद्द असावी. त्यांच्या भाषेत नेमस्पेस. एका हद्दीतलं 'लिमिट' वेगळं, दुसऱ्या हद्दीतलं वेगळं, आणि मध्ये पक्की भिंत.

मला ते लगेच पटलं. मिलमध्ये एका वेळी सहा सुनील होते. नुसतं सुनील म्हणून कुणाची हजेरी लागत नव्हती, खात्याचं अक्षर आणि टिकट नंबर लागायचा. मी तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "हां, बस वही."

दहा दिवसांनी उत्तर आलं. लिहिणारे फिनलंडचे एक गृहस्थ होते, ते शेल ज्यांनी सुरू केलं त्यांच्यापैकी. पूर्णिमाने मला ते वाचून दाखवलं. भाषा सभ्य होती. पक्की भिंत बांधली तर आतल्या फाइलीला बाहेरचं काहीच दिसणार नाही. घराचा पत्ता, वापरणाऱ्याचं नाव, प्रोग्राम कुठे ठेवलेत ते, हे सगळं प्रत्येक फाइलीला स्वतः आत घेऊन यावं लागेल. एवढी कटकट कुणी करणार नाही. शिवाय जगभरच्या जुन्या फाइली बंद पडतील. नावाच्या पुढे दोन अक्षरं लावा, लोक चाळीस वर्षं तेच करत आलेत. धन्यवाद.

दोन दिवस ती कामावर जायची, यायची, कुंड्यांना पाणी घालायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "त्यांचं बरोबर आहे. भिंत पक्की नाही चालणार. पण दोन अक्षरं लावा हे पण बरोबर नाही. प्रश्न हा आहे की भिंतीत खिडकी कुठे ठेवायची."

"ते कसं ठरवायचं?"

"लोक खरंच कसं लिहितात ते बघून."

इंटरनेटवर लोकांनी मोकळ्या ठेवलेल्या अशा फाइली हजारोंनी असतात. त्यांतल्या जिथे दोन-तीन फाइली एकत्र जोडून वापरल्यात अशा तीनशे तिने निवडल्या. एका फाइलीने दुसऱ्या फाइलीतलं नाव कुठे कुठे वापरलं, त्या ओळी तिने कॉम्प्युटरकडून काढून घेतल्या. चार हजारांच्या वर निघाल्या. पण एखाद्याने दुसऱ्याचं नाव बदललं असेल तर ते मुद्दाम बदललं की चुकून, हे मशीन सांगू शकत नव्हतं. त्यासाठी आजूबाजूच्या ओळी वाचायला हव्या होत्या. ती दिवसभर चेंबरवर असायची.

"मी करू का?" मी विचारलं.

ती हसली नाही. "आई, पण त्यातलं तुला..."

"शिकव मला."

शिकायला अर्धा तास लागला. नावाच्या आधी डॉलरचं चिन्ह असलं तर ते नाव नुसतं वाचलंय. नावानंतर बरोबरचं चिन्ह असलं तर त्यात नवीन काही लिहिलंय, म्हणजे बदललंय. बाकी ओळीचा अर्थ सगळा कळला नाही तरी चालेल. जिथे अडेल तिथे खूण करून ठेवायची, संध्याकाळी ती बघेल.

बुधवाऱ्याच्या बाजारातून मी दोनशे पानी लाँगबुक आणलं आणि पट्टीने रकाने आखले. फाइलीचा नंबर, ओळीचा नंबर, नाव, वाचलं, बदललं, मुद्दाम, चुकून, शेरा. पूर्णिमाने सगळ्या ओळी छापून आणल्या, कारण स्क्रीनवर माझे डोळे दुखतात. सकाळी नळाचं पाणी भरून झालं की मी बसायची ती साडेबारापर्यंत. खरं सांगायचं तर रिटायर झाल्यापासून इतकं बरं मला वाटलं नव्हतं. एका जर्मन माणसाने हवामानाचं काहीतरी लिहिलं होतं, ब्राझीलच्या कुणा बाईने दवाखान्याच्या मशीनसाठी. ती माणसं मला दिसत नव्हती पण त्यांच्या सवयी दिसत होत्या. कोण नीटनेटका, कोण घाईचा. टाइम ऑफिसात सहीवरून माणूस ओळखू येतो तसं.

नवव्या दिवशी मी हिशेब मिळवायला पानं चाळत होते. 'वाचलं'चा रकाना खचाखच भरत होता. 'बदललं'च्या रकान्यात पानाला एखादी खूण, काही पानं तर कोरीच. आधी वाटलं माझंच काही सुटतंय. मागची तीन पानं पुन्हा तपासली. सुटलं नव्हतं.

संध्याकाळी ती पाणी पीत उभी होती तेव्हा मी म्हटलं, "पूर्णिमा, हे लोक दुसऱ्याचं बघतात खूप, पण हात फार कमी लावतात."

तिने ग्लास खाली ठेवला. "परत बोल."

मी परत बोलले आणि रजिस्टर पुढे केलं. ती उभ्या उभ्याच पानं उलटत गेली. मग खाली बसली आणि पहिल्यापासून बघायला लागली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आणि जिथे हात लावलाय तिथे जास्त करून चुकून लावलाय."

"हो. शेऱ्यात लिहिलंय मी."

तिने तेव्हाच एका कागदावर एक ओळ लिहिली. तो कागद अजून माझ्याकडे आहे. 'वाचताना आत सापडलं नाही तर बाहेर बघायचं. लिहिताना आतच लिहायचं.' त्याच्या खाली थोड्या वेळाने दुसरी ओळ: 'बाहेर लिहायचंच असेल तर कुणाचं, ते पूर्ण नावानिशी सांगायचं.'

बाकीचं मोजायला मला पाच आठवडे लागले. वाचलेल्या जागा चार हजार एकशे अठरा. बदललेल्या जागा एकशे सदतीस. त्यांतल्या ब्याण्णव चुकून, पंचेचाळीस मुद्दाम. म्हणजे पूर्णिमाचा नियम लावला तर तीनशे फाइलींमध्ये मिळून पंचेचाळीस ओळी तेवढ्या नव्याने लिहाव्या लागणार, आणि ब्याण्णव चुका आपोआप टळणार. आणखी एक गोष्ट निघाली. चुकून झालेल्या ब्याण्णवपैकी एकतीस ठिकाणी नावांच्या पुढे ती दोन अक्षरं लावलेली होती. दोन्ही फाइली लिहिणाऱ्यांनी एकाच नमुन्यावरून उतरवलं होतं, त्यामुळे अक्षरंही तीच.

ती नुसतं सुचवून थांबली नाही. त्या शेलच्या आतलं काम तिने स्वतः करायला घेतलं. जुन्या फाइलींना धक्का लागू नये म्हणून तिने असं ठरवलं की ज्या फाइलीच्या पहिल्या ओळीत हद्द मागितली असेल तिलाच हा नियम लागेल, बाकी सगळं पहिल्यासारखं. हे करायला तिला जून आणि जुलै पूर्ण लागले. मध्ये एकदा सगळं मोडून पुन्हा बांधलं. मी काही विचारत नसे. जेवायला ये एवढं म्हणत असे.

ऑगस्टमध्ये ती चेंबरवर ते लावून बघणार होती. त्या दिवशी मीही गेले. तिला एका रिकाम्या खोलीवर करायचं होतं, पण गिरधरभाऊ ऐकेनात.

"खाली खोलीत काय समजणार? भरून कर."

"भाऊ, परत बिघडलं तर?"

"तुला वाटतं बिघडेल?"

"नाही वाटत."

"मग भर."

पाच नंबरची खोली वरपर्यंत भरली. पूर्णिमाने गॅसच्या फाइलीतलं नाव मुद्दाम पुन्हा 'लिमिट' केलं, त्यात चोवीस लिहिले, आणि खोलीच्या फाइलीत 'लिमिट'च, त्यात अठरा. दोन्ही फाइलींच्या डोक्यावर हद्दीची ओळ. मग सुरू केलं. पहिले चार तास ती दाराशेजारच्या तापमानाच्या काट्यासमोरून हलली नाही. सतरा, साडेसतरा, अठरा, आणि गार करायचं मशीन सुरू झालं. त्याचा आवाज मी आधी कधी इतका लक्ष देऊन ऐकला नव्हता.

पाचव्या दिवशी खोली उघडली. गिरधरभाऊंनी मधल्या रांगेतलं कॅरेट काढायला लावलं, फणी हातात घेतली, दांडा दाबून बघितला, एक केळं सोलून अर्धं मला दिलं.

"आता परत विचारतो. परत होईल का?"

"या कारणाने नाही होणार," पूर्णिमा म्हणाली.

त्यांनी मान हलवली. "बस. इतकंच पाहिजे होतं." मग तिथल्या माणसांकडे वळून म्हणाले, "मॅडमने लिहिलंय हे. बाहेर कुठे मिळत नाही अजून."

मी तेव्हा तिच्याकडे बघितलं. ती स्क्रीनवर काहीतरी करत असल्याचं दाखवत होती, पण कान लाल झाले होते.

सप्टेंबरमध्ये तिने सगळं पुन्हा पाठवलं. नियम, केलेलं काम, खोलीचा अनुभव, माझ्या रजिस्टरची सगळी पानं फोटो काढून. यावेळी उत्तर तीन दिवसांत आलं, की आपण बोलू. दुपारी अडीचची वेळ ठरली. मी मागे दिवाणावर बसले होते, कॅमेऱ्यात येणार नाही अशी. नऊ माणसं होती. इंग्रजी सावकाश बोललं तर मला समजतं, आणि ती माणसं सावकाश बोलत होती.

पहिली चाळीस मिनिटं एका टिंबावर गेली. हद्दीचं नाव आणि आतलं नाव यांच्यामध्ये पूर्णिमाने टिंब ठेवलं होतं. एकाचं म्हणणं की टिंब फाइलींच्या नावांत असतं, घोळ होईल. दुसऱ्याला तिरकी रेघ हवी होती. तिसऱ्याला दोन विसर्ग जोडून ठेवल्यासारखी खूण. मला वाटलं आता ही भांडेल. ती म्हणाली, "खूण तुम्ही ठरवा, मी ती लावते. नियमाबद्दल बोलू या का?"

मला ते फार आवडलं. कशासाठी अडायचं आणि कशासाठी नाही, हे तिला ठाऊक होतं.

मग एकाने दोन अक्षरांची गोष्ट काढली. तिने एकतीस जागांचा कागद दाखवला. तो वाचून त्याने पुढचा मुद्दा काढला.

फिनलंडचे गृहस्थ तोवर शांत होते. पांढरी दाढी, मागे पुस्तकांचं कपाट. त्यांनी विचारलं, "ही मोजणी कुणी केली?"

"माझ्या आईने," पूर्णिमा म्हणाली. "ती चोवीस वर्षं पेपर मिलच्या टाइम ऑफिसात होती."

"मी त्यातल्या साठ नोंदी स्वतः तपासल्या. दोन चुकल्यात."

चोवीस वर्षांत माझ्या रजिस्टरावर असं कुणी म्हटलं नव्हतं असं नाही, पण जेव्हा म्हटलं तेव्हा मी उठून बघायला गेले होते. आताही उठले. मराठीत म्हटलं, "कोणत्या, विचार."

तिने विचारलं. त्यांनी फाइलीचे आणि ओळींचे नंबर सांगितले. मी रजिस्टर काढलं. पहिली नोंद बघितली. तिथे माझी चूक होती, ब्राझीलच्या बाईने ते नाव मुद्दाम बदललं होतं आणि मी 'चुकून'मध्ये खूण केली होती. दुसरी बघितली. छापील कागद शोधून काढला, ओळ वाचली, तिच्या वरच्या सात ओळी वाचल्या.

"पहिली माझी चूक," मी पूर्णिमाला म्हटलं. "दुसरी बरोबर आहे. त्यांना म्हणावं वर सात ओळी जा. तिथे त्या माणसाने तेच नाव स्वतःच्या कामासाठी नव्याने घेतलंय. दुसऱ्या फाइलीत ते आहे हे त्याला माहीतच नाही."

तिने माझं बोलणं इंग्रजीत सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला, स्क्रीनजवळ आले, बराच वेळ वाचलं. बाकीचे आठ जण थांबले होते.

"त्यांचं बरोबर आहे," ते म्हणाले. "मग एकच." आणि कॅमेऱ्यात मी दिसत नव्हते तरी मान किंचित खाली केली.

मग त्यांनी पूर्णिमाला सांगितलं की मे महिन्यात त्यांनी जे लिहिलं होतं, की हे कुणी वापरणार नाही, ते मागे घेतात. भिंतीच्या पहिल्या आराखड्याला ते आजही नाहीच म्हणाले असते, पण हा आराखडा वेगळा आहे. हा लोकांच्या सवयींवर बेतलाय. पुढच्या आवृत्तीत तो घ्यावा असं त्यांचं मत. हात वर करायला सांगितले. नऊपैकी आठ वर झाले. टिंबाला हरकत घेणारा नववा म्हणाला, खूण बदलली तर माझाही.

कॉल संपल्यावर पूर्णिमा खुर्चीतच बसून राहिली. मी चहा टाकला. चहा पिताना मी तिला ते विचारलं जे तीन वर्षं विचारलं नव्हतं. "पुण्यात असतीस तर हे लवकर झालं असतं का?"

ती नवलाने माझ्याकडे बघत राहिली. "पुण्यात मी दुसऱ्यांनी ठरवलेलं लिहीत होते, आई. तिथे कोण मला खोली भरून देणार होतं? आणि मोजायला तू कुठे होतीस?"

मी तिला दुसरा कप ओतला.

जानेवारीत नवीन आवृत्ती निघाली. नेमस्पेसच्या पानावर सर्वांत वर लिहिलं होतं की आराखडा आणि काम पूर्णिमाचं. खाली, मोजणी सुनीता यांची. माझं नाव. गावाचं नाव बुऱ्हाणपूर, मध्य प्रदेश. टिंबाच्या जागी दोन विसर्ग जोडल्यासारखी ती खूण लावली होती, तिला त्याचं काही नव्हतं. गिरधरभाऊंनी मावा जिलेबी पाठवली आणि दुसऱ्या दिवशी चार नवीन खोल्यांचा नकाशा घेऊन तिला बोलावलं. आता त्या चार खोल्याही उभ्या आहेत. बाराही खोल्यांच्या फाइलींत 'लिमिट' हेच नाव आहे आणि कुणी कुणाच्या वाटेत येत नाही. महिन्याभराने ब्राझीलच्या त्या बाईचं पत्र आलं, की तिने दवाखान्याच्या मशीनच्या सगळ्या फाइलींवर हद्दीची ओळ लावली. पूर्णिमाला आता त्या नऊ जणांमध्ये दहावी म्हणून घेतलंय. दुसऱ्यांनी सुचवलेलं तिच्याकडे तपासायला येतं.

मला अभिमान वाटतो आणि मी तो लपवत नाही. वैशालीला मी पान मोबाइलवर उघडून दाखवलं. दोनदा दाखवलं.

टाइम ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर कमल बसायची. ती आता खंडव्याला मुलाकडे असते. तिला मी फोन लावला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, पाच नंबरची खोली, फिनलंडचे गृहस्थ, वाचणं आणि लिहिणं. कमलने मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर विचारलं, "एकूण नोंदी किती केल्यास तू?"

"चार हजार दोनशे पंचावन्न."

"आणि चूक?"

"एक."

मग कमल म्हणाली, "कोणती, सांग बरं," आणि मी रजिस्टर आणायला उठले.